तशी काच

शहाद्याचा कुशनवाला चुडामण एका जुन्या विलायती मॉरिस गाडीत बसून छताला नवं कापड चिकटवत होता. दारांची आतली-बाहेरची सगळी हँडलं, काचा खाली करायचीसुद्धा, पॉलिशला गेली होती. वाऱ्याच्या झोताने उघडं दार धाडकन लागलं, आणि आतून काही केल्या उघडेना. चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने त्याला श्वास पुरेना. त्याने काचेवर कात्री उगारली, पण मारवेना. नुसत्या थापा मारत राहिला.

थापा ऐकून त्याची बायको सिंधुबाई धावत आली. बाहेरूनही दार हलेना, तशी तिने हातोडी उचलली.

"फोडू नको," तो आतून ओरडला. "असी काच आते कोठेच भेटाव नही."

तिने हातोडी काचेवर रोखली.

"आनि तुम्हीन मले कोठे भेटशात? तोंड तिकडे फिराई ल्या."