रंगूची ताटली

सत्तर सालची दिवाळी झाली आणि लंकाबाईचे भाऊ-भावजय ऊसतोडीला निघाले. जाताना सात वर्षांच्या चांगुणाला तिच्यापाशी शिंगणापुरात ठेवून गेले. लंकाबाई पोरीची आत्या, एकटा जीव. गावातल्या इतर घरांसारखंच तिच्याही घराला दार नव्हतं. जेवताना कुत्रं शिरू नये म्हणून उंबऱ्यात एक फळी आडवी लावायची, एवढंच. चांगुणा ती फळी रोज बाजूला सारायची.

"रंगू यायचीय. माझी मैतरीन. तिलाबी वाढ."

रंगू कुणालाच दिसायची नाही. "लई चाळे बाई तुझे," असं पुटपुटत का होईना, लंकाबाई जर्मनची एक ताटली जास्तीची मांडायची.

गुढीपाडव्याला आईबाप आले आणि पोरीला आपल्या गावी घेऊन गेले.

पुढल्या दिवाळीनंतर चांगुणा परत आली, ती वीतभर उंच होऊन. दिवेलागणीला हातपाय धुऊन आत आली, तर उंबऱ्यातली फळी बाजूला सारलेली होती आणि चुलीपुढं तीन ताटल्या मांडलेल्या होत्या. तिन्हींत भाकरी वाढलेली.

"आत्या, ही तिसरी कुनाची?"

"कुनाची म्हंजी? रंगूची."

चांगुणाला हसूच फुटलं. "आगं, रंगू-बिंगू कुनी न्हवतंच. मी तवा ल्हान हुते, उगं आपलं खेळायचे."

लंकाबाईनं घाईनं उंबऱ्याकडं पाहिलं.

"हळू बोल, बाई," ती म्हणाली. "तू गेल्यापास्नं तीच हुती माझ्यापाशी."