बोटाची पाठ

यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरमन कामाला हात घालायची वाट बघत उभे होते. रत्नमालानं उजव्या हाताची दोन कृत्रिम बोटं आधी दुसऱ्या लाइनवरच्या चालू प्लगात घातली. मनगटावर दोनशे तीस व्होल्टचा आकडा उमटला. मग तीच बोटं तिनं मुख्य बोर्डाच्या तारांना लावली, पुन्हा प्लगात घालून ती नीट मोजतायत याची खात्री केली, आणि बाही मनगटावर ओढून घेतली.

वीज मोजायचा मीटर आता कुणी विकत घेत नव्हतं. कामावर हात जळालेल्यांना सरकारनं मोजणारे हात बसवले होते. त्यांनी "बंद" म्हटल्याशिवाय बोर्डाला कुणी शिवायचं नाही, असा कायदा होता.

"बंद हाय न्हवं?" कंत्राटदार वाघमोडेनं विचारलं.

रत्नमालानं बोर्डासमोरून सरकून त्याला वाट करून दिली.

"म्याडम, माणसं खोळंबल्यात."

"मीटर कशाला पायजे, मालक? बोटाची पाठ लावा, कळतंय."

वाघमोडे चपापला. हे त्याचेच शब्द होते. कधीकाळी कामावर नव्या आलेल्या एका पोरीनं मीटर मागितला, तेव्हा त्यानं तिला ते हसत ऐकवले होते. आता त्यानं तिचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला.

"रत्ना?"

"लावा की."

सगळे बघत होते. त्यानं हात बोर्डापाशी नेला, मागं घेतला, परत नेला. शेवटी बोर्डाला न शिवताच तो हात पोटाशी धरून मटकन खाली बसला.

बोर्ड बंदच होता. मेन स्विचच्या कुलपाची किल्ली रत्नमालाच्या खिशात होती. तिच्या वेळी तो चालू होता, आणि हात मागं घ्यायला तिला कुणी सवड दिली नव्हती.