पाचपैकी पाच

“घोडा, आरसा, पाऊस, कात्री... आणि?”

“सुई.”

“सुई नाही हो! चमचा. पुन्हा म्हणा.”

मास्तरीणबाई पाचव्या दिवशीही घसा कोरडा करत होत्या. समोरचा विद्यार्थी म्हणजे त्यांचा नवरा बुवा, चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला. डोक्यातली गाठ रेडिएशननं गेली, पण त्याच रेडिएशननं मेंदूला सूज आणली. परवा बुवांनी सदऱ्याच्या एकाच खांद्याला दोन्ही बाह्या शिवल्या आणि वर कौतुकानं दाखवायला आणला.

हॉस्पिटलात सूज उतरवणारं नवं औषध आलं होतं. बारा जणांनाच मिळणार होतं, आणि अकरा ठरले होते. “आठवणीची तपासणी घेऊन निवडणार,” एवढं सिस्टर सांगून गेली होती. तपासणीतले शब्द दर खेपेला तेच असतात, हे बाईंनी कधीच हेरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी ढ पोरांना घासूनपुसून वर काढलं होतं. आता घरचाच विद्यार्थी मागे राहतो म्हणजे काय!

“अगं, डोकं उठलं माझं,” बुवा कुरकुरले.

“उठू दे. जागा एकच उरलीय. म्हणा, घोडा...”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पाच शब्द वाचले, मग मुद्दाम दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. बाई पर्सचा पट्टा पिळत बसल्या होत्या.

“हं, आता सांगा शब्द.”

“घोडा, आरसा, पाऊस, कात्री...” बुवा अडले. बाईंचा जीव टांगणीला लागला. ओठ हलवायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला.

“चमचा!”

पाचपैकी पाच. बाईंना आनंदानं हुंदकाच फुटला. बुवा लहान मुलासारखे खुलले. “झालो ना पास?”

“पास काय, पहिले आलात!” डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली आणि कागदावर झोकात सही केली. “बाई, उगाच घाबरला होतात. सिस्टर, यांचं नाव यादीतून काढा.”

बाई ताडकन उठल्या. “काढा म्हणजे?”

“अहो, औषध जहाल आहे. ज्यांची आठवण गेलीय, त्यांनाच द्यायचं ठरलंय,” डॉक्टर हसत म्हणाले आणि सिस्टरकडे वळले. “सकाळी ज्यांना एकही शब्द सांगता आला नाही, त्या आजोबांना शेवटची जागा दिली म्हणून कळवा.”