लाउडस्पीकरवरचं नाव

कुश नॉटिंगहॅमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा पगारी कॉर्नरबॅक होता. समोरच्यांनी फेकलेला बॉल हवेतल्या हवेत पळवायचा, हे त्याचं काम. २००३ साली, पहिल्याच सीझनला, लाउडस्पीकरने दर मॅचला त्याच्या नावाचा नुसता गजर लावला होता. त्याच्या आईच्या, देवयानीच्या, डोक्यावरून तो खेळ जायचा. पण लेकाचं नाव कानावर पडलं की तिला सगळं कळल्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षापासून मात्र ते नाव येईनासंच झालं. बॉल कुशच्या बाजूला फिरकेचना. आता पोराला काढून टाकतात की काय, या धास्तीने तिच्या जिवाला चैन पडेना. शेवटी एका मॅचनंतर ती चकल्यांचा डबा घेऊन थेट समोरच्या टीमच्या बॉल फेकणाऱ्यापाशी गेली.

"जरा माझ्या मुलाकडेही टाकत जा ना," ती अजिजीने म्हणाली.

तो आधी हसला, मग गंभीर झाला. "पहिल्या वर्षी टाकले होते. सगळे त्याने पळवले. आता कोचने बजावून ठेवलंय, काहीही झालं तरी त्याच्या बाजूला टाकायचा नाही."

देवयानीने अख्खा डबा त्याच्या हातात ठेवला.

पुढच्या रविवारी लाउडस्पीकरने कुशबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटची शिट्टी वाजली, तसे देवयानीने आभाळाकडे पाहून हात जोडले आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"अहो, ऐकलंत? एकदासुद्धा नाव घेतलं नाही!"