धोंडबाचा चेंडू

पडद्यावर एकोणीसशे एकतीसचा फोटो आला आणि गोल्फ क्लबच्या हॉलमध्ये हशा पिकला. ओसाड माळ. मधोमध एक बैल. बैलाच्या मागे हॅटवाला गोरा साहेब, हातात गोल्फची काठी, बैल बाजूला व्हायची वाट बघतोय. मेघानं बटण दाबलं. तीच जागा, मागच्या महिन्यातली. हिरवंगार गवत, पाण्याचे फवारे, पाठीमागे अठरा मजली बिल्डिंग. टाळ्या पडल्या.

हे जुनं-नवं दहावीतल्या मेघानं एकटीनं जुळवलं होतं. जुने फोटो लावायला क्लबनं शाळेकडे एक विद्यार्थी मागितला, तेव्हा बाईंचं वाक्य संपायच्या आत तिचा हात वर गेला होता. का, ते फक्त तिच्या आजीला माहीत होतं.

आजी, म्हणजे अंजनाबाई, सगळ्यात मागच्या रांगेत बसली होती.

"एका भोकात चेंडू घालाले एवढी जमीन," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "आमच्या पूर्ण वस्तीले संडास दोन होते."

तिचा नवरा धोंडबा याच मैदानावर कामाला होता. अडुसष्ट साली क्लबचे बडे सभासद रुपरावसाहेब यांनी सातव्या भोकात एकाच फटक्यात चेंडू घातला. क्लबभर जल्लोष झाला. धोंडबा म्हणाला, चेंडू गेला नाही, साहेबानं हातानं टाकला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली, खोली गेली, आणि नाव तर असं गेलं की परत आलंच नाही. वस्तीत कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, हा धोंडबाचा चेंडू. धोंडबा मेला, म्हण राहिली. मागच्या वर्षी वर्गात विहंगनं ती मेघालाच ऐकवली. धोंडबा कोण, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. मेघा त्या दिवशी डबा न खाता घरी गेली होती.

तिनं पुढचं बटण दाबलं. अडुसष्ट. रुपरावसाहेब, मिशीला पीळ, चेहरा फुललेला.

रुपरावांचे चिरंजीव बाबाराव आता क्लबचे अध्यक्ष होते. त्यांनी माइक घेतला. "हे माझे बाबा. आपल्या हॉलमध्ये यांचा छोटा फोटो आहे, नुसता चेहऱ्याचा. या पोरीनं कपाटातून मूळ निगेटिव्ह शोधून काढली. शाबास, बेटा."

"सर, तेव्हा भोकाभोवती गवताचे ग्रीन नव्हते, ब्राउन होते ना?" मेघानं वक्तृत्व स्पर्धेसाठी राखून ठेवलेला गोड आवाज काढला. "ब्राउन म्हणजे काय, ते सांगा ना. आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही."

बाबाराव खूष झाले. "अरे, तेव्हा नागपूरच्या उन्हात गवत कुठून टिकणार? भोकाभोवती वाळू अंथरायची आणि तिला जळकं ऑइल पाजायचं. तो ब्राउन. एक माणूस त्यावर पोतं ओढून ती सारखी करायचा. मग त्यावर मुंगी चालली तरी दिसायची."

"चेंडू गेला तर?"

"चेंडूची तर रेघच उमटायची. ठळक."

"आणि साहेबांचा चेंडू कसा गेला होता, सर?"

ही गोष्ट ते दरवर्षी सांगत. "काठावर पडला आणि वीस फूट घरंगळत सरळ भोकात. बाबा इतके काटेकोर, की फोटोवाला येईपर्यंत त्यांनी पोतं फिरवू दिलं नाही. बघा, सगळं जसंच्या तसं आहे."

"जसंच्या तसं," मेघा म्हणाली आणि फोटो मोठा केला.

साहेबांचा चेहरा पडद्याबाहेर गेला. मिशी गेली, कोट गेला. खाली वाळूच वाळू उरली. पोत्याच्या बारीक रेषा सारवलेल्या अंगणासारख्या स्वच्छ होत्या. खिळ्यांच्या बुटांच्या ठशांची एक ओळ भोकापर्यंत गेली होती आणि तीच माघारी आली होती. बाकी सगळी वाळू कोरी.

बाबाराव पडद्याजवळ गेले. एका काठापासून भोकापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग दुसऱ्या काठापासून. माइक चालूच होता.

"रेघ," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मेघानं तीन पानांचं भाषण पाठ केलं होतं. एकेक वाक्य झोंबेल असं. ती तोंड उघडणार तोच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आजी मधल्या वाटेनं चालत येत होती. घाई नाही, काही नाही.

"मी धोंडबाची बायको," ती बाबारावांसमोर उभी राहून म्हणाली. "तो खोटा होता का? माइकवर सांगा."

बाबारावांनी पडद्याकडे पाहिलं, समोरच्या रांगेकडे पाहिलं. तिथून कुणीच मदतीला आलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "खोटा नव्हता."

मग त्यांनी माइक बाजूला केला आणि आवाज खाली आणला. "बाई, आजच्या आज बाबांचं नाव काढतो. शब्द देतो." भिंतीवरच्या मानाच्या फलकावर रुपरावांची पितळी अक्षरं चमकत होती. "स्क्रू काढायला पेचकस आणा रे कुणी."

अंजनाबाईनं ती अक्षरं निवांत वाचली. पंचावन्न वर्षांनी, पहिल्यांदाच.

"नका काढू गा," ती म्हणाली.

मेघाला वाटलं, संपलं. आजी विरघळली. आपण इतकी मेहनत केली आणि आजी विरघळली.

"राहू द्या नाव," अंजनाबाई म्हणाली. "त्याच्या खाली हा वाळूचा फोटो लावा. एवढाच मोठा."