शून्यावरचा काटा

अनुज कोथिंबीर घेऊन परतला तेव्हा अख्खी बिल्डिंग खाली उतरत होती.

प्रत्येकाच्या नाकावर ओला रुमाल. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. बोईसरला शेजारच्या केमिकल कंपनीतून हवेत काही वेगळं आलं की लोक आधी रुमाल भिजवतात, मग गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे कुठल्या दिशेला उडतायत ते बघतात, आणि वाऱ्याला आडवं चालू लागतात. छत्री घेऊन निघावं इतक्या सहज.

विश्रामकाका गेटमध्ये उभे राहून गच्चीवरच्या एका परकराकडे टक लावून बघत होते. अशा वेळी त्याला कुणी हसत नाही.

"सडक्या अंड्यासारखा वास हाय," ते म्हणाले. "कंपनीत फोन लावला. म्हणतात, आमचं काय नाय."

कंपनी नेहमी तेच म्हणते, असं मागून कुणीतरी म्हणालं. गेटजवळच्या गंजलेल्या पाटीवरची 'वास यायचा थांबला तरी विषारी वायू गेला असं समजू नका' ही ओळ कुणी वाचत नसे.

अनुजने श्वास घेतला. हा वास त्याच्या ओळखीचा होता.

विश्रामकाका त्याचे घरमालक आणि होणारे सासरे. तेजलसाठी त्यांनी हा मुलगा एकाच कारणासाठी पसंत केला होता, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही. काकांच्या घरी दारूचा नुसता विषय निघाला तरी त्यांची आई, जमनाआजी, उठून चूळ भरून यायची. साखरपुडा तोंडावर आला होता.

आणि अनुज घरात बिअर बनवत होता.

ओट्याखाली ती आंबत असताना नेमका असाच वास सुटला होता. यीस्टचा असतो, घाबरू नका, असं व्हिडिओतल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं. अनुज घाबरला होता आणि त्याने धूप जाळला होता. बाटल्यांत भरलेली बिअर एकतर फुटायची, नाहीतर सरबतासारखी मवाळ निघायची. म्हणून मनोरजवळच्या बंद पडलेल्या हॉटेलातून त्याने केग आणला, म्हणजे बिअरची स्टीलची टाकी, आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. काकांना सांगितलं, पाण्याचा फिल्टर आहे. आज सकाळी पहिल्यांदाच त्याने टाकी भरली, सिलिंडरची नळी जोडली, रेग्युलेटरचा स्क्रू पिळला आणि गॅस बिअरमध्ये मुरेल म्हणून तो बाजारात गेला.

पाकीट वर राहिलं असं सांगून तो जिना चढला. स्वयंपाकघरात तोच वास. सिलिंडरवरचा काटा शून्यावर.

म्हणजे गॅस संपला होता. कुठल्यातरी सैल जोडातून सगळा बाहेर पडला होता, आणि जाताना यीस्टचा वास मजल्यामजल्यावर पोचवून गेला होता.

गॅस सोड्यातलाच, उघड्या खिडक्यांतून निघून जाईल. भीती होती ती काकांना कळण्याची. पण गप्प राहिलं तर कुणाला कळणार? आळ कंपनीवर जाईल. कंपनीला सवय आहे. गप्प बसायचं ठरवून तो खाली आला.

गेटपाशी तेजल आणि काका जमनाआजीला प्लास्टिकच्या खुर्चीतून उचलून नेत होते. खुर्ची एका बाजूला कलली होती, आजी लटपटत होती, दम्याने तिची छाती भात्यासारखी हलत होती. तिने अनुजकडे बघितलं आणि स्वतःच्या नाकावरचा ओला रुमाल काढला.

"तुज्याकडं नाय ना? हा घे."

अनुजने रुमाल घेतला नाही.

"काका, खुर्ची खाली ठेवा," तो म्हणाला. "कंपनीचं काही नाही. तो वास माझ्या बिअरचा आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. तेजल त्याच्याकडे न बघता ऐकत राहिली.

"फिल्टर?" काकांनी विचारलं.

"नाही."

काकांनी कंपनीला परत फोन लावून माफी मागितली. पलीकडच्या माणसाची नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी माफी मागत होतं. तो गोंधळला, आणि हेच लेखी मिळेल का, असं त्याने विचारलं.

लोकांनी रुमाल पिळले, अनुजच्या सात पिढ्या काढल्या आणि आपापल्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या मेहुलने जाता जाता हळूच विचारलं, थोडी उरलीय का.

काका ती वस्तू बघायला वर आले.

"लग्नाचं काय?" अनुजने विचारलं.

"ते तेजल ठरवल. पण बोललास ते बरं केलंस. आई रस्त्यात गेली असती." काकांनी नाक वर करून हुंगलं. "वास पण गेला बघ. काय येत नाय आता."

अनुजलाही येत नव्हता. खालच्या मजल्यावरून तेजलने सांगितलं, आजी खाटेवर टेकताच झोपली.

"दमली," काका म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. "माझंपण डोकं जड झालंय तुझ्यापायी. काढ ती भानगड इथून."

नळी काढण्याआधी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. अनुजने वाकून चाक पिळलं. ते हललं नाही. जोर लावला, तरी नाही. मग त्याने ते उलट्या दिशेने फिरवलं. सिलिंडर पहिल्यांदाच फुसफुसला, आणि काटा शून्यावरून सरसर चढत थेट 'भरलेला' या खुणेवर जाऊन थांबला. म्हणजे सकाळपासून त्यातून काहीच बाहेर पडलं नव्हतं.