बरं वाटलं तो दिवस

'रुग्णात सुधारणा दिसू लागल्यावर' या शब्दांपाशी डॉक्टर क्षिप्रा सकाळपासून अडली होती. नैराश्यावरच्या उपचारांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली होती. ती कितपत उपयोगाची आहेत, हे ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासायचं होतं, त्यांत तीही होती. औषधं, मात्रा, समुपदेशन, सगळं नीट मांडलेलं. पण सुधारणा दिसायची कोणाला?

वर्तकनगरच्या तिच्या दवाखान्यात समोर शीला आणि तिचा नवरा सूरज बसले होते. लोकलने दिव्याहून आलेले. वर्षभर शीलाचे उपचार इथेच चालू होते. आजची तपासणी संपली, तशी क्षिप्रा म्हणाली, "एक विचारू? माझ्या एका कामासाठी. बरं वाटायला लागलंय, हे पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"रसिकाच्या साखरपुड्याला," सूरज लगेच म्हणाला. "माझी बहीण. ही नवी साडी नेसून सगळ्यांशी हसत होती. आई पण बोलली, आपली शीला परत आली."

क्षिप्राने शीलाकडे बघितलं.

"तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं," शीला म्हणाली. "हस म्हटलं, हसले. जेव म्हटलं, जेवले."

"मग कधी?"

शीला जरा ओशाळली. "यांनी बाइक धुतलेली ना, तेव्हा. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. मी पिंप भरून ठेवलेलं. आणि हे खाली त्याच पाण्याने बाइक धुतायत! असा राग आला, मॅडम. गॅलरीतून ओरडले, अख्खी बिल्डिंग बाहेर आली. मग भूक लागली. कितीतरी महिन्यांनी. भाकरी उभ्यानेच खाल्ली."

सूरज तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, मी तर घाबरलेलो. वाटलं, परत वाढलं. म्हणून तर मॅडमना..."



क्षिप्राला ती भेट आठवली. 'फार चिडायला लागलीय,' असं तोच सांगत होता आणि शीला शेजारी गप्प बसली होती. त्या दिवशी क्षिप्राने गोळी वाढवली होती. राग कशाचा, हे विचारलं नव्हतं.

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" सूरजने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

सूरजने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्याने हळूच विचारलं, "आज कसं वाटतंय तुला?"

शीला 'बरं' म्हणणार होती. शब्द ओठांवर आला आणि तिने तो परत घेतला.

"थांबा हं," ती म्हणाली. "बघून सांगते."

दाराबाहेर पुढचा पेशंट खोकला. क्षिप्राने बेल वाजवली नाही.